आहुप्याची देवराई

पुणे–नाशिक रस्त्यावरील मंचर मागे टाकून पश्चिमेस वळले म्हणजे घोडेगाव लागते आणि पुढे डिंभे धरणाची भिंत दिसते. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गाव ह्याच धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. जलाशयाला मात्र तालुक्याच्या सुपुत्राचे, हुतात्मा बाबू गेनूंचे, नाव दिलेले आहे. धरणापासून घोड नदीच्या खोऱ्याने वर चढत जाणारी वाट सह्याद्रीच्या माथ्यावरील आहुपे गावी पोहोचते. तेथे देश संपतो. गावापलीकडे काही अंतरावर कडा तुटतो व खाली मुरबाड तालुक्यातील कोकणची गावे नकाशावर मांडल्यासारखी दिसू लागतात. समोर गोरखगडाचा सुळका उभा असतो.

हा प्रवास बहुतेक लोक पावसाळी सहलीसाठी करतात. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने तो निराळ्या कारणासाठी करावा. आहुप्याला भैरवनाथाची देवराई आहे. सह्याद्रीतील चांगल्या राखलेल्या देवरायांत तिची गणना होते. आपल्या डोंगराळ गावांतील ओसाड उतारांवर मुळात काय होते आणि काय होऊ शकते, हे पाहावयाचे असेल तर असा नमुना पुस्तकात सापडावयाचा नाही.

मात्र देवराई पाहण्यापूर्वी तिच्याभोवतीचा मुलूख नीट पाहिला पाहिजे. नाहीतर आत गेल्यावर गर्द सावलीपलीकडे काही नजरेत भरत नाही. घोडीच्या खोऱ्याने वर येताना सखल खाचरांत भात दिसतो. उतारावर नाचणी, वरई आणि कारळे. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. पाऊस उदंड, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पडणारा. आणि तरीही ह्या पट्ट्यातील कित्येक वाड्यांवर फाल्गुन संपता संपता बायाबापड्यांना हंडे घेऊन लांबवर जावे लागते. ज्या घोड नदीचा उगम ह्याच परिसरात होतो, तिच्या काठचे शिरूर गाव अवर्षणी मुलखात येते. तेथील पाणीटंचाई कोणासही समजते. परंतु आभाळ जेथे रिते होते तेथेच चैत्रात घसा कोरडा पडावा, ह्याचा उलगडा जमिनीकडे पाहिल्यावाचून होत नाही.

जमीन पाहावी ती उघड्या टेपावर. वरची माती केव्हाच वाहून गेली आहे. मुरूम आणि कातळ उघडा पडलेला आहे, आणि त्यावर जे गवत उगवते ते दिवाळीनंतर पिवळे पडते व उन्हाळ्यात वणव्याच्या भक्ष्यस्थानी पडते. ऐनाची, जांभळाची झाडे आहेत, पण त्यांचे शेंडे वर्षानुवर्षे छाटलेले. खोडावर गाठी आल्या आहेत आणि वर फक्त कोवळ्या धुमाऱ्यांचा झुपका उरला आहे. ही छाटणी राबासाठी होते. त्याविषयी पुढे येईल.

अशा टेपावरून चालत आल्यानंतर देवराईची कड लागते. येथे कुंपण नाही, खंदक नाही, पहारेकरीही नाही. एका पावलाच्या अंतरावर उन्हाचा ताव संपतो.

आत आधी मान वर करू नये, पायाखाली पाहावे. पायाखाली कुजलेल्या पानांचा थर आहे. वरची पाने अखंड, त्याखालची जाळीदार झालेली, त्याखालची ओळखू न येणारी, आणि सर्वांत खाली काळीभोर, भुसभुशीत, ओल धरून राहणारी माती. शेणखताच्या उकिरड्यावर जे काम शेतकरी प्रयत्नपूर्वक करवून घेतो ते येथे वाळवी, गांडुळे, बुरशी आणि असंख्य किडे विनामूल्य करीत असतात. पावसाळ्यात भीमाशंकरच्या ह्या रानातील सडक्या लाकडावर वाढणारी एक बुरशी रात्रीच्या अंधारात मंद हिरवट उजेड देते. तिच्याविषयी हल्ली फार बोलले जाते आणि ती पाहण्यासाठी माणसांची गर्दीही लोटते. परंतु ती जे लाकूड कुजविते त्याचे मोल त्या उजेडाहून अधिक आहे, हे गर्दीला सांगावयास हवे. पडलेले खोड देवराईत पडूनच राहते, ही जुन्या नियमातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय. अनेक गावांत वाळलेली काटकीसुद्धा बाहेर नेत नाहीत. काही गावांत देवाच्या कामापुरती मोकळीक असते. नियम गावागणिक बदलतात, म्हणून त्या त्या गावी विचारून घ्यावे.

मग झाडे पाहावीत. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही ह्या माथ्यावरील सदाहरित रानाची मुख्य झाडे. त्यांच्या जोडीला आंबा आणि हिरडा. मोठ्या झाडांना गारंबीचे वेल विळखे घालून वर चढलेले असतात. हे वेल माणसाच्या मांडीएवढे जाड होतात आणि त्यांच्या शेंगा हातभराहून लांब असतात. उंच झाडांखाली मध्यम उंचीची झाडे, त्यांखाली झुडपे, त्यांखाली रोपे असे मजले एकावर एक रचलेले आहेत. पावसाचा थेंब ह्या मजल्यांवरून ठेचकाळत खाली येतो. त्याचा मार जमिनीपर्यंत पोहोचत नाही. फांद्यांची वरची वीण अखंड असल्यामुळे येथे शेकरू नांदते. ही तपकिरी, लांब शेपटीची मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि १९८५ साली घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य मुख्यतः तिच्यासाठीच आहे. शेकरू शक्यतो जमिनीवर उतरत नाही. झाडावरून झाडावर जाते. ज्या रानात तिची काटक्यापानांची गोल घरटी उंचावर दिसतात, ते रान तुटलेले नाही असे समजण्यास हरकत नाही.

गावकऱ्यांना दाखवावयाचा एक साधा प्रयोग आहे आणि तो कोणत्याही देवराईच्या कडेला करता येतो. एक तांब्या पाणी उघड्या, तुडविलेल्या पायवाटेवर ओतावे. दुसरा तांब्या पानांच्या थरावर ओतावा. पहिल्याचे पाणी ओघळ होऊन उताराने धावते आणि जाताना चिमूटभर माती सोबत नेते. दुसऱ्याचे पाणी जागच्या जागी दिसेनासे होते. भाषणाने जे पटत नाही ते ह्या दोन तांब्यांनी पटते, आणि मुलांना तर फारच लवकर.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. झाडे पाणी निर्माण करीत नाहीत. उलट ती जमिनीतून पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतात, आणि चुकीच्या जागी दाट लावलेल्या झपाट्याने वाढणाऱ्या झाडांनी ओल आटल्याची उदाहरणे आहेत. देवराईचे काम निराळे आहे. ती चार महिन्यांत कोसळणारा पाऊस जमिनीत उतरण्यास वाट करून देते. कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या, गांडुळांची बिळे आणि सैल माती ह्यांतून तो खाली जातो, खडकाच्या भेगांत साठतो आणि उताराच्या पायथ्याशी हळूहळू पाझरतो. अर्थात खालचा खडक कसा आहे त्यावर पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून ‘झाडे लावा, पाणी येईल’ असे सरसकट आश्वासन कार्यकर्त्याने देऊ नये. जेथे झरा आहे त्याच्या वरच्या अंगाचे रान मोडू नये, एवढे मात्र निःशंकपणे सांगावे.

लोकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. १९७० नंतरच्या दशकात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ ह्यांनी पश्चिम घाटातील देवरायांची पद्धतशीर पाहणी केली. त्या काळी श्रीवर्धन तालुक्यातील गाणी ह्या गावच्या देवराईवर तोडीचे संकट आले असता गावकऱ्यांनी तिच्या रक्षणासाठी ह्या अभ्यासकांकडे धाव घेतली होती. गावाचा ओढा त्या राईतून निघतो आणि राई गेली तर ओढा आटेल, हे त्यांचे म्हणणे होते. देवाच्या कोपाची भीती असेलच. परंतु तिच्याखाली पाण्याचा हिशेब होता.

राबाचा प्रश्न

आता राबाकडे वळू. भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजण्याची ही जुनी रीत. झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण ह्यांचे थर देऊन ते पावसाआधी पेटवावयाचे. त्यामुळे तणाचे बी जळते, जमीन भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते आणि रोपे जोमदार येतात. ही पद्धत अडाणीपणाची आहे असे म्हणून तिची हेटाळणी करणे चुकीचे होय. तिच्यामागे अनुभव आहे. परंतु थोड्या गुंठ्यांच्या वाफ्यासाठी आजूबाजूच्या पुष्कळ झाडांचा पाला दरवर्षी लागतो. टेपावरील ऐन गाठाळला तो त्यामुळेच. ही झाडे संपली म्हणजे कोयता कोणत्या दिशेला वळणार, हे उघड आहे.

म्हणून देवराई राखावयाची तर राबाला पर्याय आधी दिला पाहिजे. कोकणात व मावळात प्रचार झालेल्या चारसूत्री भातशेतीत ह्याची सोय आहे. गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची काळी राख मिसळून रोपे करावयाची, खाचराच्या बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला चिखलणीपूर्वी जमिनीत घालावयाचा, जोडओळीत मोजकी रोपे लावावयाची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोल खोचावयाच्या, अशी ती चार सूत्रे. ह्यांपैकी पहिली दोन देवराईच्या दृष्टीने मोलाची आहेत. गिरिपुष्प फांदीपासून सहज लागते आणि वारंवार छाटले तरी फुटते. मात्र ते बांधावरच लावावे. परदेशी असल्याने त्याची लागवड देवराईत किंवा तिच्या कडेस करू नये. रोप न लावता गादीवाफ्यावर टोकणीने भात घेण्याची ‘सगुणा’ पद्धतही कर्जत-नेरळ भागात पुढे आली आहे. तीत रोपवाटिका व चिखलणी दोन्ही नसल्याने राबाचे कारणच उरत नाही. कोणती पद्धत कोणत्या खाचराला मानवेल हे एका-दोन शेतकऱ्यांच्या शेतावर करून पाहूनच ठरवावे.

हिरड्याचे झाड येथील घराघराचा आधार आहे. उन्हाळ्यात कोवळी फळे वेचून वाळवितात, तो बाळहिरडा. शेतीत काम नसते तेव्हा रोकड हाती येते ती त्याचीच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्या भागावरून गेले तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील हिरड्याची फार नासधूस झाली, आणि ह्या कुटुंबांचे नुकसान पंचनाम्याच्या नेहमीच्या रकान्यांत बसविताना अडचणी आल्या. कारण रानातील झाडाचे उत्पन्न पीक म्हणून नोंदविण्याची सवय कोणालाच नव्हती. पुन्हा लागवड करावयाची तर बी चांगल्या, निरोगी, जुन्या झाडांचे हवे. अशी झाडे छाटलेल्या टेपावर कोठून मिळणार? ती देवराईत असतात.

बियाणे गोळा करताना काही पथ्ये आहेत. पडलेले फळ तेवढेच घ्यावे आणि तेही सर्व घेऊ नये. आहुप्याप्रमाणे अभयारण्याच्या हद्दीतील रानातून वनखात्याच्या परवानगीवाचून काहीही उचलू नये. इतरत्र ग्रामसभेची व देवस्थानच्या मंडळींची संमती घ्यावी. हिरड्याचे बी टणक कवचामुळे फार उशिरा व विरळ उगवते, म्हणून गर काढून, बी भिजवून, अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त पेरावे. जांभळाचे उलट आहे. ते साठवणीत टिकत नाही. फळ खाल्ले की आठवड्या-दोन आठवड्यांत बी मातीत गेलेच पाहिजे.

देवराई कशाने जाते

कुऱ्हाडीने जाणाऱ्या देवराया आता पूर्वीइतक्या नाहीत. अलीकडे त्या सुधारणेने जातात. जुन्या, उघड्या, शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या जागी सिमेंटचे मंदिर व्हावे अशी मुंबईस नोकरीला असलेल्या मंडळींची इच्छा होते. वर्गणी कमी पडते, आणि मग चार जुनी झाडे देवाच्याच कामासाठी विकली जातात. मंदिर झाले की सभामंडप, सभामंडपापुढे फरसबंदी, फरसबंदीपर्यंत मोटार यावी म्हणून रस्ता. पानांचा थर ‘कचरा’ म्हणून झाडून पेटविला जातो. शेवटी उघड्या झालेल्या जागेवर शोभेसाठी गुलमोहर किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून वृक्षारोपणाचा कार्यक्रम साजरा होतो. ह्यांत वाईट हेतू कोणाचाच नसतो, म्हणून विरोध करणे अवघड जाते. जीर्णोद्धाराची बोलणी सुरू होतात तेव्हाच, म्हणजे वर्गणीची पावती फाटण्यापूर्वी, कार्यकर्त्याने बैठकीत बसावे. मंदिर राईच्या बाहेरच्या कडेला किंवा जुन्याच जोत्यावर बांधता येते का, एवढा एकच प्रश्न वेळेवर विचारल्याने काम भागू शकते.

उतारावर यंत्र लावतानाही सावधगिरी हवी. ३० जुलै २०१४ रोजी ह्याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर घसरून १५१ माणसे मृत्युमुखी पडली. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होते. उतारावरील जमिनीतील फेरबदल आणि पाण्याच्या नैसर्गिक वाटा ह्यांकडेही नंतर तज्ज्ञांनी लक्ष वेधले. खाचरे वाढवावयाची, सपाटीकरण करावयाचे तर वरच्या अंगाला रान आहे की उघडा मुरूम, ओहळ कोठून येतो, झरे कोठे फुटतात, हे पावसात स्वतः फिरून पाहिल्याशिवाय आराखड्यावर सही करू नये.

कायद्याचा आधारही आहे, आणि तो कार्यकर्त्याला ठाऊक असावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळू शकतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावाची जैवविविधता नोंदवही तयार होते. तीत देवराईची स्वतंत्र नोंद करावी. ह्याच कायद्याखाली सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळाची दलदल २०२१ साली जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. क्षेत्र अवघे अडीच हेक्टरांच्या आसपास. परंतु देवराई म्हणून राखल्यामुळेच ते दुर्मिळ रान शिल्लक राहिले. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरण, म्हणजे तेथील देवराया, ह्यांची पाहणी करून नकाशे करण्याचा आदेश दिला आणि देशभरातील अशा रानांसाठी केंद्राने धोरण आखावे असे सुचविले. सातबाऱ्यावर किंवा नकाशावर ज्या राईचे नावच नाही तिच्यासाठी कोणतेही धोरण उपयोगी पडत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

झऱ्याचे माप

पाहणीला जावयाचे ते दोनदा. एकदा श्रावणात, जेव्हा कड्यावर कवदरीची रानटी केळ पाने पसरून उभी असते आणि राईत पाऊस थांबल्यावरही घटकाभर थेंब गळत राहतात. दुसऱ्यांदा वैशाखात. पहिल्या भेटीत सारेच डोंगर हिरवे असतात आणि देवराईचे वेगळेपण लक्षात येत नाही. दुसऱ्या भेटीत ते दुरूनच दिसते. वहाणा कडेला काढाव्यात असा जेथे नियम असेल तेथे तो पाळावाच, मात्र पाय टाकताना जपून, कारण पानांच्या थराशी मिळून जाणारी घोणस व फांदीवर बसणारा हिरवा चापडा हे दोन्ही विषारी साप ह्या रानांत आढळतात. पावसाळ्यात जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवावी.

ज्या गावी देवराईच्या पायथ्याशी झरा आहे तेथे आणखी एक काम करण्यासारखे आहे. त्याला एक घागर आणि एक घड्याळ पुरते. घागर किती लिटरची आहे हे आधी मोजून घ्यावे. झऱ्याच्या धारेखाली ती भरावयास किती वेळ लागतो ते पाहावे. समजा, १५ लिटरची घागर एका मिनिटात भरली, तर तासाला ९०० लिटर आणि दिवसाला २१,६०० लिटर पाणी झाले. २०१९ पासून चालू असलेल्या जलजीवन मिशनचे माप माणशी दररोज ५५ लिटर धरले, तर तेवढ्यात सुमारे ३९० माणसांची गरज भागते. हे माप दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, सकाळी, शाळेतील मुलांच्या हातून घ्यावे व ग्रामपंचायतीच्या वहीत तारखेसह लिहावे. पहिली नोंद कार्तिकात करावी, कारण पावसाळ्यातील मापाने फसगत होते. चैत्र-वैशाखातील आकडे लाल शाईने लिहावेत. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या म्हणजे ती वही घेऊन मंदिराच्या बांधकामाच्या बैठकीलाही जाता येते.